पटले गुरुजी आणि चार पाहुणे

गुरुजी व्हरांड्याच्या खांबाला धरून ओकत होते, आणि ओकता ओकता एक हात मागे करून मला खुणा करत होते. वाढू नका. पंगत बसली होती. एकवीस पोरं, एकवीस ताटं. खिचडी वाढून झाली होती आणि भाजीची पहिली पळी माझ्या हातात होती, पहिलीतल्या सगळ्यात लहान पोरीच्या ताटावर. मनगट जरा वळलं असतं तर भाजी ताटात पडली असती.

मी पळी पातेल्यात टाकली, पातेलं स्वयंपाकखोलीत नेलं आणि वर झाकण ठेवून झाकणावर पाट्याचा वरवंटा ठेवला. परत आले तोवर गुरुजी खाली बसले होते. कपाळावर घाम, ओठ पांढरे. पोरं ताटापुढे बसलेली. चौथीतली मानसी तेवढी उभी होती. शाळेचा टॅब तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"सर, याच्यात तं खाण्यायोग्य लिवलं होतं," ती म्हणाली. "खरंच लिवलं होतं, सर."

गुरुजींनी मान वर केली. "लिवलं असन, बेटा," म्हणाले, आणि पुन्हा ओकले.

हे पटले गुरुजी. आमचं गाव तुमसरहून नाकाडोंगरीकडे जाताना रस्ता सोडून आत आहे. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत मी खिचडी शिजवते. मीही त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकले. पुढे कोणी पाठवलं नाही. त्यामुळे जन्मात एकच शाळा पाहिली, आधी तरटावर बसून आणि मग चुलीपाशी बसून. मास्तर किती आले, किती गेले. बहुतेकांची नावं विसरले. यांचं विसरले नाही, कारण यांनी मला फार त्रास दिला.

दिसायला काही विशेष नव्हते. ठेंगणे, पोट पुढे, केस मागे. सदऱ्याच्या खिशात पेन नसायचं, काडेपेटी असायची. बिडी ओढत नव्हते. एकदा बसथांब्यावर एका माणसाने त्यांच्याकडे काडी मागितली. यांनी पेटी दिली. त्याने उघडली तर आतून हिरवा किडा निघून त्याच्या मनगटावर चढला. तो माणूस बिडी टाकून नाचायला लागला, आणि गुरुजी त्याच्या मागे मागे, "हलू नका जी, उडून जाईन."

त्यांना कुठलीही वस्तू उलटी करून पाहायची खोड होती. दगड, पान, चप्पल, पोरांची वही, काही असो. शाळेत आले त्या पहिल्याच दिवशी माझ्या स्वयंपाकखोलीत आले, नमस्कार केला, आणि माझा पाटा उचलून उताणा केला. पाट्याखाली विंचीण, पाठीवर पिल्लं घेऊन. मी वहाण उचलली. गुरुजी दारात जाऊन पोरांना हाका मारायला लागले.

"माह्या खोलीत पोरायले विंचू दाखवता?" मी म्हटलं.

"तो तुमच्या खोलीत कालही होता, बाई. आपल्याले आज दिसला."

सगळ्या पोरांनी पाहून झाल्यावर चिमट्याने उचलून तिला त्यांनी बांधावर सोडलं. मी आठवडाभर पाट्याला हात लावला नाही.

दुसरा त्रास चवीच्या वहीचा. शाळेत पोरांना वाढायच्या आधी अन्न चाखायचं असतं. एक शिक्षक आणि एक स्वयंपाक करणारी, दोघांनी. चाखून वहीत लिहायचं आणि मग थोड्या वेळाने पोरांना वाढायचं. माझी वही भरलेली होती. रोज एकच, "चव चांगली." गुरुजींनी पानं चाळली.

"बाई, चांगली म्हणजे काय?"

"चांगली म्हणजे चांगली."

"मंगळवारची अन बुधवारची सारखीच?"

"खिचडीच ते. वेगळी काय असन?"

"मंग चाखून कायले पाहाचं? बिनचाखताच लिहा."

राग आला. पण दुसऱ्या दिवशी चाखताना माझं मलाच लक्ष गेलं, तांदूळ नवा होता, चिकट झाला होता. तसं लिहिलं. चौथीनंतर स्वतःच्या मनाने लिहिलेलं माझं पहिलं वाक्य ते. गुरुजींनी खाली सही केली आणि विचारलं, "नवा तांदूळ चिकट काहून होते?" मला ठाऊक नव्हतं. साठ वर्षं भात खाल्ला, शिजवला, धान रोवलं, आणि हे ठाऊक नव्हतं.

म्हातारी माणसं सांगतात, आमच्या लहानपणी मुलं फार चौकस होती, आता मोबाइलने सगळं गेलं. खोटं आहे. आमच्या लहानपणी प्रश्न विचारला की थापड बसायची. "काहून" म्हटलं की "तोंड वर करते" ऐकावं लागायचं. आम्ही चौकस होतो की नाही हे कोणाला कळणार? आम्हालाही कळलं नाही.

मग शाळेत टॅब आले. चार. कोणीतरी वरून पाठवले. सरपंचांनी नारळ फोडला, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला असं चिकटली की खिचडीला हाका माराव्या लागायच्या. पोरांना ते शिकवावं लागलं नाही. रांगतानाच घरच्या मोबाइलवर बोट फिरवलेली ही पोरं. त्याच्याशी बोलायची, घरच्या माणसाशी बोलावं तशी. तोही बोलायचा. किती विचारलं तरी चिडत नव्हता. हे मात्र मला त्याचं मानावं लागलं.

गुरुजी टॅबला पाहुणा म्हणायचे. "हा पाहुणा हाय. लय शिकलेला, लय फिरलेला. पण आपल्या गावात नवा हाय. त्याले आपली बोडी मालूम नाई, आपली आजी मालूम नाई. पाहुण्याले वाट आपण दाखवाची."

आणि नियम केला. काहीही नवं दिसलं तर आधी डोळे, मग म्हातारं माणूस, मग पाहुणा. आधी स्वतः पाहायचं, मग कोणा म्हाताऱ्याला विचारायचं, आणि मगच टॅबला.

"म्हातारं माणूस कोणतं, सर?" पोरांनी विचारलं.

"शाळेत एकच हाय," गुरुजी म्हणाले आणि माझ्या खिडकीकडे पाहिलं.

माझा अपमान झाला. थोडं बरंही वाटलं.

एकदा दुसरीतल्या एका पोराने टॅबला विचारलं, चंद्र किती दूर आहे. त्याने पटकन सांगितलं, तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर. पोरगा खूश, पुढच्या प्रश्नाला लागला. गुरुजींनी त्याला थांबवलं. "तीन लाख म्हणजे किती?" पोरगा म्हणाला, "लय." "लय म्हणजे किती?" मग सगळी शाळा रांगेत काढली आणि शाळेपासून बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीपर्यंत चालवली. गुरुजींनी सकाळीच गाडीवर मोजून ठेवलं होतं, बरोबर एक किलोमीटर. पाळीवर पोहोचले, घामाघूम. गुरुजी म्हणाले, "झालं एक. आता असेच तीन लाख त्र्याऐंशी हजार नऊशे नव्व्याण्णव राहिले."

मागून एकाने विचारलं, "सर, मंग खिचडी कवा?"

परत आले तेव्हा खिचडी थंड झाली होती. मी वहीत तसं लिहिलं.

पण टॅब काही सगळा वाईट नव्हता, हेही सांगते. एकदा चार दिवसांची झड लागली होती. गुरुजी आणि पोरं बोडीवर गेले आणि टॅबमध्ये बेडकांचे आवाज भरून आणले. मग वर्गात बसून वेगवेगळे केले. कोणता खर्जातला, कोणता करकरणारा, कोणता टिकटिक करणारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि बेडकांना बेडकांचा आवाज ऐकवला. एकदम सगळे गप्प झाले म्हणे. मग एकाने उत्तर दिलं, मग सगळ्यांनी. गुरुजी गुडघाभर चिखलात, अनवाणी, टॅब डोक्यावर धरून. मी शेतातून येताना पाहिलं. बेडूक माझ्या लहानपणीही ओरडत होते. कोणता बेडूक कोणता आवाज काढतो हे मला म्हातारपणी कळलं, तेही टॅबमुळे. कबूल करते. तेव्हा केलं नव्हतं.

आणि दुसऱ्या बाजूचंही सांगते. तिसरीतला एक जण व्हरांड्यात उभा राहून टॅबला विचारत होता, आज पाऊस येईल का. टॅब म्हणाला, पावसाची शक्यता नाही. पोरगा आत जाऊन सांगायला निघाला. गुरुजींनी त्याचा हात धरून वळचणीबाहेर काढला. तळहातावर टपोरे थेंब पडत होते. "पाहुण्याले सांग," ते म्हणाले, "की तू लय दूर बसून पाहून राहिला."

आता मानसी. तिचा बाप धान रोवतो, माय त्याच्यासोबत. ही पोर एका दमात तीन प्रश्न विचारायची. "आजी, खिचडी पिवळी काहून? हळद मातीतच पिवळी रायते का वरती आल्यावर होते? मातीत अंधार असते तं तिले कसं मालूम का आपण पिवळी हाव?" मी म्हणायची, "तुह्या तोंडाले कुलूप लाव." ती म्हणायची, "कुलपाले चाबी एकच काहून असते?"

टॅब यायच्या आधी ती दिवसातून पाच वेळा माझ्या खिडकीशी यायची. टॅब आल्यावर दोनदा. मग एकदा. मग पोरं नियम उलटा करायला लागली. आधी टॅबला विचारायचं, मग माझ्याकडे यायचं, ते नियम पाळला म्हणून दाखवायला. "आजी, हे काय होय?" मी सांगायची. मग पोरं टॅबकडे पाहून म्हणायची, "हो, बरोबर हाय." म्हणजे मी परीक्षा देणार आणि तो तपासणार. मी कोणाला काही म्हटलं नाही. पण मनात धरलं.

त्या दिवशी चतुर्थी होती आणि मला उपास. रोवणी संपली होती, गावात सात्या यायला लागल्या होत्या. पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या छत्र्या, मटणासारख्या लागतात. गुरुजींचा त्यावर भारी जीव. बाकी सगळं उलटं करून पाहणारा माणूस सात्यांची भाजी पुढे आली की डोळे मिटून खायचा.

मानसी सकाळी स्टीलचा डबा घेऊन आली. आत छत्र्या, धुतलेल्या, फाडून बारीक केलेल्या. सरांना आवडतात म्हणून तिने स्वतः शोधल्या, स्वतः साफ केल्या. घरी कोणी नव्हतं, मायबाप शेतात तण निंदायला गेले होते.

"आजी, सरनं सांगतलं, म्हाताऱ्या माणसाले विचाराचं. ह्या सात्या होत ना?"

"तुह्या टॅबनं काय सांगतलं?"

"फोटो काढून विचारलं. तसंच चित्र आलं. खाण्यायोग्य लिवलं हाय."

"त्यानं सांगतलं ना? मंग झालं. मले कायले विचारते? ठेव तिकडं."

डब्यात मी हात घातला नाही. वास घेतला नाही. फोडणी दिली, तिखट-मीठ टाकलं, आणि शिजवून ठेवलं. पोरांना एकेक चमचा येईल एवढी झाली.

चाखायची वेळ झाली. गुरुजी ताट घेऊन आले. मी म्हटलं, "माहा उपास हाय, तुमीच चाखा."

"मंग तुमच्या वाटचं मीच खातो," म्हणाले, आणि दोन माणसांची भाजी खाल्ली. वर बोटं चाटली. मग वर्गात गेले. पाऊण तासाने पंगत बसली, मी पळी उचलली, आणि पुढचं मी आधीच सांगितलं आहे.

एका पोराच्या बापाची माल वाहायची गाडी होती. तीत गुरुजींना निजवलं आणि शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, मॅडम, सोबत गेल्या. पोरांना घरी धाडलं. मी आणि मानसी उरलो. ती हलायला तयार नव्हती. अर्ध्या तासाने मॅडमचा फोन आला. डॉक्टर विचारत होते, छत्री कोणती होती, कशी दिसते. मानसीने टॅबमधला फोटो पाठवला. डॉक्टरांनी निरोप दिला, यात नुसती वरची टोपी दिसते, यावरून काही कळत नाही.

तेव्हा मी तिला विचारलं, जे सकाळी विचारायचं होतं ते. "कोठून आणलं?"

"शाळेमागं. शेणखताच्या ढिगाजवळ, गवतात."

"वारुळावरून नाई?"

"वारूळ कायले पायजे, आजी?"

सात्या वारुळातूनच येतात. वाळवीच्या घरातून, खाली हातभर खोल मूळ असतं. शेणखताजवळ जे येतं त्याला आमच्याकडे जनावरही तोंड लावत नाही. हे गावातल्या कोणत्याही म्हातारीला ठाऊक आहे. टॅबला नव्हतं, आणि मानसीला कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही मागे गेलो. दोन छत्र्या अजून उभ्या होत्या. चांगल्या गोऱ्या, ताटलीएवढ्या, वर खवले. दिसायला सुरेख. मानसी हात लावेना. मी खुरप्याने खणून एक काढली. मूळ नाहीच, खाली नुसती गाठ. देठाला सैल कडं. उताणी केली तर खालच्या पट्ट्या हिरवट, शेवाळ चढल्यासारख्या.

"काढ फोटो," मी म्हटलं. "वरून नको. आता असा, मंग देठाचा, मंग जागेचा."

पहिले दोन फोटो हलले. तिसरा नीट आला. मग देठाचा आणि जागेचा काढला, तिन्ही पाठवले.

डॉक्टरांचा निरोप आला की यावरून पुष्कळ कळलं. याने ओकाऱ्या होतात, अंगातलं पाणी जातं, बहुधा माणूस वाचतो. पण खात्री नाही, तीन दिवस ठेवून पाहावं लागेल. "बहुधा" एवढा एक शब्द घेऊन आम्ही दोघी घरी गेलो. माझा चतुर्थीचा उपास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला.

शाळा समितीच्या अध्यक्षांनी चारही टॅब कपाटात घातले आणि चावी स्वतःच्या करदोड्याला बांधली. मानसी शाळेत यायची, बसायची, जेवायची, जायची. विचारायची काही नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, भ्याली आहे. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भातात हळद घालायची विसरले. खिचडी पांढरी. सगळी पोरं ओरडली. ही मान खाली घालून जेवली. तिचा बाप म्हणाला, घरीही तसंच, मीठ पाहिजे का म्हटलं तर मान हलवते. तिच्या मनात पक्कं बसलं होतं की सरांना तिने मारलं. मी तिला म्हणायला पाहिजे होतं की चूक माझी आहे. म्हटलं नाही. लाज वाटली, आणि नोकरीचीही भीती होती. दोन्ही खरं.

पाचव्या दिवशी गुरुजी आले. सदरा ढगळ झाला होता, गालाची हाडं वर आली होती. आल्या आल्या माझ्या खोलीत आले आणि चवीची वही मागितली. त्या दिवसाची जागा कोरी होती. त्यांनी लिहिलं, "छत्रीची भाजी. चव उत्तम. पुन्हा करू नये." सही केली.

मग अध्यक्षांकडे चावी मागितली.

"गुरुजी, मरता मरता वाचले तुमी," अध्यक्ष म्हणाले, "अन त्या पाहुण्याले पुना घरात घेता?"

"पाहुण्यानं काय केलं जी? आपण त्याले अर्धं दाखवलं, त्यानं अर्धं सांगतलं."

"पोरायचे मायबाप मले विचारतीन."

"त्यायले आज वर्गात बसवा. तेच शिकवाचं हाय."

अध्यक्ष स्वतःच बसले, मागे, लहान बाकावर, गुडघे हनुवटीला लावून. गुरुजींनी मला वारुळावरची एक खरी छत्री आणायला सांगितली होती, मुळासकट. तिच्याशेजारी शेणखताजवळची ठेवली. खाली जुना पेपर. शेजारी टॅब. आणि पोरांना विचारलं, "या पाहुण्यानं आपल्याले काय काय विचाराले पायजे होतं, जे त्यानं विचारलं नाई?"

एकाने म्हटलं, "कोठं उगवलं?" गुरुजींनी फळ्यावर लिहिलं. एक. मग लागली रांग. मूळ हाय का? वास कसा हाय? खालून कसं दिसते? किडे बसतात का? मोडलं तं रंग बदलते का? कालही होतं का आज आलं? पहिलीतली ती सगळ्यात लहान पोर म्हणाली, "कोणाच्या आजीनं आधी खाल्लं का?" सगळे हसले. गुरुजींनी तेही लिहिलं. आठ झाले. मानसीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. फळा पुसायचं फडकं हातात घेऊन नुसते उभे राहिले.

"सर, एक," मानसी म्हणाली.

"बोल."

"आजीनं काहून नाई पाहिलं?"

मी दारातच उभी होते, हातात तांदळाचं सूप. अध्यक्ष माझ्याकडे पाहायला लागले. गुरुजींनी खडू उचलला आणि त्याच अक्षरात लिहिलं. नऊ. आजीने का पाहिलं नाही?

"हा प्रश्न पाहुण्याचा नाई," ते म्हणाले. "ज्याचा हाय तो उत्तर देईन. नाई द्याचं तं नाई दिलं तरी चालते."

निघून जाता आलं असतं. सूप हातात होतं, काम होतं. पण पोर पाच दिवसांनी बोलली होती आणि मी गेले असते तर सहाव्या दिवशी पुन्हा गप्प झाली असती, हे मला दिसत होतं.

"मले राग आला होता," मी म्हटलं.

"कोणाचा?" मानसी.

"त्या पाहुण्याचा. आधी तुमी सारे मले विचारत होते. मंग त्याले विचाराले लागले. तुनं डबा आणला तवा त्यानं आधीच सांगतलं होतं. मी म्हटलं, जाय मंग त्याच्याचकडं. म्हणून नाई पाहिलं."

"पाहिलं असतं तं कळलं असतं?"

"फाडलेलं होतं. नसतंही कळलं. पण कोठून आणलं हे विचारलं असतं. तेवढ्यानं भागलं असतं."

मानसीने बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "मंग चूक अर्धी माही, अर्धी तुही."

"पाऊण माही," मी म्हटलं.

"अन सरची?" मागून कोणीतरी विचारलं.

"माही बी हाय," गुरुजी म्हणाले. "आयुष्यभर सारं उताणं करून पाहिलं, अन त्याच दिवशी डोळे मिटून दोन माणसायचं खाल्लं."

पोरं हसली. अध्यक्षही हसले आणि बाकातून उठताना अडकले. त्या गडबडीत मानसी पुढे आली, पेपरवरची ती वाईट छत्री बोटाच्या टोकाने उलटी केली आणि म्हणाली, "सर, हे खालून हिरवं काहून होते? पहिल्यापासून हिरवं असते का मंग होते? अन सात्याचं काहून नाई होत?"

एका दमात तीन.

"मले नाई मालूम," गुरुजी म्हणाले.

तिने टॅबकडे हात नेला, मग मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं. "तुले मालूम हाय, आजी?"

"नाई."

मग तिने टॅब उचलला.

मला कामावरून काढतील असं वाटलं होतं. काढलं नाही. दुसरी कोणी मिळाली नसेल. गुरुजी त्यानंतर दोन वर्षं होते, मग बदली होऊन करडीकडे गेले. जाताना निरोप समारंभ झाला, भाषणं झाली, शाल दिली. गुरुजींनी शाल घेतली आणि आधी उलटी करून पाहिली.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले. गेल्या पावसाळ्यात, सिहोऱ्याच्या बाजारात. एक बाई टोपलीत सात्या घेऊन बसली होती आणि समोर एक ठेंगणा माणूस उकिडवा बसून एकेक उचलून उताणी करत होता. देठ पाहत होता, मूळ पाहत होता, वास घेत होता. बाई वैतागली होती.

"घेता का नुसत्या उताण्याच पाडता जी?"

"वारूळ कोठचं, बाई?"

"वारुळाचा सातबारा पायजे का तुमाले?"

मी हाक मारली. गुरुजींनी वळून पाहिलं, उठताना गुडघ्याला हात लावला. केस होते तेवढेही गेले होते. खिशात काडेपेटी होतीच. मानसीचं विचारलं. मी सांगितलं, सातवीत आहे, तिच्या शाळेतल्या मास्तरांनी तिला जास्त प्रश्न विचारते म्हणून मागच्या बाकावर बसवलं आहे. गुरुजी एवढे खूश झाले की त्यांनी अर्ध्या किलोऐवजी किलोभर सात्या घेतल्या.

"चला बाई, बहिणीचं घर इथंच हाय," म्हणाले. "तुमी भाजी करा, तुमच्या वाटचं मी खातो."

"आज माहा उपास नाई," मी म्हटलं.

भाजी मी केली. प्रत्येक छत्री उलटी करून पाहिली, तेही शेजारी बसून पाहत होते. दोघांनी चाखली. जरा तिखट झाली होती.

चतुर्थीच्या त्या दिवशी शाळेत पंगतीला एकवीस पोरं होती. एकवीसही जिवंत आहेत. भाजी दोघांनी चाखायची होती, खाल्ली एकट्या गुरुजींनी. तेही आहेत. मीही आहे.